व्याधीनंतरचा कर्मयोग

व्याधी ही मनुष्याच्या धैर्याची कसोटी आहे, असे सर्वजण म्हणतात. परंतु व्याधी हटल्यावर पूर्ववत् होण्याचा जो काळ असतो तो त्याहून सूक्ष्म कसोटी पाहतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. रोग अंगात असतो तेव्हा मनुष्य वैद्याच्या आणि आप्तांच्या हाती असतो. सोसणे एवढेच त्याचे कर्तव्य असते. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, समाचारास येणाऱ्यांची ये-जा थांबते. मग घर आपल्या नित्य व्यवहारास लागते, आणि ज्याचे कौतुक करण्यास कोणी उरलेले नाही असे एक दीर्घ कर्म त्याच्या एकट्याच्या वाट्यास येते. रोज तेच करावयाचे, रोज थोडे दुखावयाचे, आणि काल व आज यांत काही अंतर दिसावयाचे नाही. फळ उशिरा येणार हे निश्चित. पूर्ण येईल की नाही हे अनिश्चित. अशा कर्माकडे मनुष्याने कोणत्या बुद्धीने पाहावे? प्रश्न वैद्यकाचा वाटतो. वस्तुतः तो गीतेचा आहे.

शरीराच्या ज्या सांध्यावर हा प्रश्न विशेष स्पष्ट होतो तो सांधा खांद्याचा. दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा आहे आणि तो जिच्यात बसतो ती खोबण उथळ आहे. लहान बशीवर लिंबू ठेवावे तशी ही रचना. हाडांनी पुरते न आवळल्यामुळेच हात पुढे, मागे, वर, पाठीशी असा सर्व बाजूंना फिरतो. इतका मोकळा सांधा शरीरात दुसरा नाही. हा मोकळेपणा सांभाळण्याचे काम भोवतीचे चार स्नायू आणि त्यांच्या हाडाला घट्ट जोडलेल्या कंडरा करतात. पडल्यामुळे, जड ओझ्याच्या हिसक्याने किंवा वयाने झिजून ही कंडरा फाटली की हात उचलवत नाही व रात्री झोप येत नाही. शल्यवैद्य ती पुन्हा हाडाशी शिवून देतो. पण शिवण म्हणजे सांधणे नव्हे. दोरा त्या दिवशी धरून ठेवतो. कंडरा आणि हाड यांचा सजीव मिलाफ होण्यास मात्र आठवडे व महिने जातात.

म्हणून पहिले चार ते सहा आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो. त्या काळात रुग्णाने स्वतःच्या बळाने हात उचलावयाचा नसतो. बहुधा एवढेच सांगितले जाते की पुढे वाकून हात सैल सोडावा आणि घड्याळाच्या लंबकाप्रमाणे हलकेच झुलू द्यावा. हा झुलता व्यायाम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते बोस्टनचे शल्यवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांनी खांद्यावरील आपला ग्रंथ 1934 साली प्रसिद्ध केला. त्यानंतर काठीच्या किंवा कप्पीवरून घेतलेल्या दोरीच्या साहाय्याने, चांगल्या हाताने दुखऱ्या हातास वर नेणे. मग भिंतीवर बोटे चालवीत चढणे. सुमारे तीन महिन्यांनंतर बळ वाढविण्याचे व्यायाम. आणि पूर्ववत् होण्यास सहा महिने ते वर्ष. हात पाठीमागे नेण्याची हालचाल तर पुष्कळदा सर्वांत शेवटी परत येते.

यात एक पेच आहे. शिवण टिकावी म्हणून हात स्थिर हवा. परंतु स्थिर राहिल्यामुळे सांध्याभोवतीचे वेष्टन आकसते आणि खांदा आखडतो. मधुमेह असणाऱ्यांत तर हे अधिक घडते. सुश्रुतांनी निदानस्थानात अवबाहुक नावाचा विकार सांगितला आहे. खांद्याच्या ठिकाणी कुपित झालेला वायू तेथील बंधने सुकवितो आणि शिरांचा संकोच करतो, असे त्याचे स्वरूप त्यांनी दिले आहे. भाषा निराळी असली तरी आखडलेल्या खांद्याची वेदना जाणणाऱ्यास ती परकी वाटत नाही. विश्रांती कमी पडली तर शिवण सुटण्याचे भय, अधिक झाली तर सांधा बांधला जाण्याचे भय. या दोन भयांमधून जाणारी वाट अरुंद आहे, आणि तिच्यावरून जाण्यास केवळ औषध पुरत नाही, विवेक लागतो.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांत हात न उचलणे म्हणजे काय, हे ध्यानी घेतले तर या प्रश्नाचे वजन कळेल. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम् आणि मयिलाडुतुरै या जिल्ह्यांतील जीवन भाताच्या शेतीभोवती फिरते. भारे बांधून डोक्यावर घेणे, झोडणीसाठी पेंढी उगारणे, पाखडणे, विहिरीचे पाणी ओढणे, ही सर्व खांद्याची कामे. पहाटे दारापुढे कोलम् काढणारी गृहिणी, केसांत जाईचा गजरा माळणारी मुलगी, मूर्तीस अभिषेक घालणारा अर्चक, फणसाच्या लाकडाची तंजावरी वीणा मांडीवर घेऊन बसणारा वादक, यांपैकी कोणाचाही दिवस हाताच्या उचलण्यावाचून सरत नाही. व्यंकोजीराजांच्या काळी, म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, या भागात येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे आजही तेथे आहेत. त्यांच्या घरी पूजेचे ताम्हन असो की उंच फळीवरचा पितळी डबा असो, त्यासाठीही हात वरच जावा लागतो. ज्याचा खांदा बांधला गेला त्याचे नुसते एक अंग थांबत नाही. घरातील त्याचे स्थान, त्याची मजुरी, त्याचा स्वाभिमान, सर्वच काही काळ झोळीत पडते.

गीतेच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी शरीरास क्षेत्र म्हटले आहे. त्या शब्दाचा तात्त्विक अर्थ खोल आहे. परंतु कावेरीकाठच्या शेतकऱ्यास त्याचा साधा अर्थही पुष्कळ शिकवितो. क्षेत्र म्हणजे शेत. शेतकरी नांगरतो, चिखलणी करतो, रोप लावतो, तण काढतो. पण रोपाची वाढ त्याच्या हाती नसते. ते वर ओढून वाढत नाही, आणि दुर्लक्षिले तरी वाढत नाही. तेथे कुरुवै हे सुमारे चार महिन्यांत हाती येणारे पीक आहे आणि सांबा हे त्याहून दीर्घ मुदतीचे. सांबाचे रोप लावून कुरुवैच्या मुदतीत विळा घेऊन बांधावर जाणारा शेतकरी त्या मुलखात आढळणार नाही. खांदा हे सांबाचे पीक आहे. शेतात जो विवेक मनुष्य सहज पाळतो तोच स्वतःच्या देहाविषयी त्यास सुचत नाही, हे आश्चर्य होय.

पाण्याचेही तेच. धरणात पुरेसा साठा असेल त्या वर्षी मेट्टूरचे पाणी प्रथेप्रमाणे 12 जून रोजी सोडले जाते. ते काही दिवसांनी कल्लणै येथे पोहोचते. चोळराजा करिकाल याच्या नावाशी जोडलेला हा प्राचीन बंधारा तेथून पाणी वाटून देतो. पुढे मुख्य कालवे, मग उपकालवे, मग पाट, आणि शेवटी पट्टुक्कोट्टै-पेरावूरणीच्या बाजूची टोकाची गावे. धरणाचे दार उघडल्याची वार्ता एका दिवसात सर्वत्र पसरते; पाणी मात्र आपल्या गतीनेच येते. कालव्यातून पाणी निघाले आहे हे ठाऊक असणे आणि ते आपल्या बांधापाशी दिसणे यांत जो काळ जातो, त्या काळात टोकाचा शेतकरी काय करतो? तो पाट साफ करून ठेवतो. शस्त्रक्रियेनंतरचा दैनंदिन व्यायाम म्हणजे असे पाट साफ करणे आहे. पाणी आणणे त्याच्या हाती नाही. आलेले पाणी वाया जाऊ न देणे त्याच्या हाती आहे.

क्रमाने चालण्याची ही दृष्टी आपल्या शल्यशास्त्रास नवीन नाही. सुश्रुतांनी चिकित्सास्थानात, तळहाताच्या हाडाला इजा होऊन ते जुळल्यावर काय करावे हे सांगितले आहे. रुग्णाने प्रथम शेणाचा गोळा हातात धरावा, नंतर मातीचा गोळा, आणि हातात बळ आल्यावर दगड. शेण मऊ, माती त्याहून घट्ट, दगड कठीण. आधुनिक व्यायामोपचारात हलक्याकडून जडाकडे जाण्याचा जो क्रम आहे त्याचे बीज या तीन पायऱ्यांत दिसते. यात लक्षणीय गोष्ट अशी की, दगड धरण्यास दिवसांची मर्यादा घातलेली नाही. बळ येणे ही अट घातली आहे. दिनदर्शिका हाताला विचारून चालते, हाताने दिनदर्शिकेला विचारून चालावयाचे नाही.

या वाटेवर मनुष्य दोन बाजूंनी चुकतो. गीतेने दोन्ही चुका स्पष्ट दाखविल्या आहेत. पहिली अठराव्या अध्यायाच्या आठव्या श्लोकात आहे. कर्म दुःखद आहे एवढ्याच कारणाने, शरीराला क्लेश होतील या भीतीने जो ते सोडतो, त्याचा त्याग राजस होय आणि त्यास त्यागाचे फळ मिळत नाही, असा त्याचा आशय आहे. आज दुखते, उद्या करू. उद्या पाहुणे, परवा करू. असे म्हणत महिना जातो. अशा मनुष्यास वाटते की आपण हातास विश्रांती देत आहोत. वास्तविक तो हात सोडून देत असतो. विश्रांती आणि त्याग यांचे बाह्यरूप सारखे दिसते. अंतरातील हेतू पाहिला की दोन्ही वेगळे होतात. वैद्याने सांगितलेली विश्रांती कर्माचाच भाग आहे. भयाने घेतलेली विश्रांती कर्मापासून पलायन आहे.

दुसरी चूक सतराव्या अध्यायाच्या एकोणिसाव्या श्लोकात आहे. मूढ हट्टाने स्वतःस पीडा देऊन केलेल्या तपास तेथे तामस म्हटले आहे. तीन महिन्यांचे काम तीन आठवड्यांत उरकू पाहणारा, शेजाऱ्याचा हात दोन महिन्यांत वर गेला म्हणून आपला हात हिसडून वर नेणारा, वेदना जितकी अधिक तितका लाभ अधिक असे समजणारा रुग्ण या वर्गात येतो. लोक त्याच्या जिद्दीची वाखाणणी करतात. परंतु ती जिद्द नव्हे, लोभ होय. फळाची तहान साधनेचे रूप घेऊन आली म्हणजे ती ओळखणे कठीण जाते. पहिल्याची चूक आळसाची व दुसऱ्याची उत्साहाची दिसते. दोघांचे मूळ एकच आहे. दोघांचीही दृष्टी फळावर खिळलेली असते. एक ते आज दिसत नाही म्हणून बसतो, दुसरा ते आजच हवे म्हणून धावतो.

या दोहोंच्या मध्ये जी वृत्ती आहे तिला सहाव्या अध्यायात अभ्यास आणि वैराग्य ही जोड नावे दिली आहेत. तेथे विषय मनोनिग्रहाचा आहे. तथापि जे मनास लागू आहे ते मनाने चालविल्या जाणाऱ्या देहासही लागू पडते. अभ्यास म्हणजे नेमलेले रोज करणे. वैराग्य म्हणजे त्या दिवशी काय मिळाले याचा हिशेब न मागणे. त्याच अध्यायाच्या तेविसाव्या श्लोकात योग न कंटाळणाऱ्या चित्ताने करावा असे म्हटले आहे. कंटाळा ही लहान गोष्ट नव्हे. दीर्घ साधनेत मोठ्या संकटाने बुडणारे थोडे, कंटाळ्याने बुडणारे पुष्कळ.

आता घरातील इतरांचा विचार. गृहस्थाश्रमी वाचकाच्या दृष्टीने हाच भाग अधिक महत्त्वाचा आहे; कारण आखडलेला खांदा एका मनुष्याचा असला तरी त्याचा अभ्यास सर्व घर मिळून घडविते किंवा बिघडविते. समजा, तिरुवैयारूजवळील एखाद्या गावात वडिलांच्या खांद्याची शस्त्रक्रिया होऊन अडीच महिने लोटले आहेत. उजव्या हाताने जेवण्यास वैद्याने अनुज्ञा दिली आहे. ते घास उचलतात, हात थरथरतो, भात ताटाबाहेर सांडतो. सून धावून येते : “मामंजी, राहू द्या, मी भरवते.” मुलगा म्हणतो : “अप्पा, उगाच त्रास कशाला घेता? आम्ही आहोत ना?” दोघांच्या डोळ्यांत खरे प्रेम असते. आणि त्या प्रेमाने वडिलांचा हात पुन्हा मांडीवर येऊन पडतो.

गीतेचा आरंभ अशाच एका करुणेने झाला आहे, हे विसरता कामा नये. अर्जुनाच्या हातून धनुष्य गळाले ते द्वेषाने नव्हे, स्वजनांविषयी दाटून आलेल्या कृपेनेच. त्या कृपेत मोह मिसळला होता, म्हणून भगवंतांनी तिची प्रशंसा केली नाही. आप्ताची वेदना पाहवत नाही म्हणून त्याचे कर्म त्याच्या हातून काढून घेणे, ही करुणा पुष्कळदा पाहणाऱ्याच्या मनाची सोय असते. दुखणे त्यांचे कमी होत नाही. आपले पाहणे कमी होते.

याचा अर्थ रुग्णास एकटे टाकावे असा मुळीच नाही. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र पाहून दिलेले दान श्रेष्ठ मानले आहे. साहाय्य हेही दानच होय. पहिल्या सहा आठवड्यांत रुग्णास स्वतः डबा उचलू देणे हा कठोरपणा आहे. तेथे सर्व काही करून द्यावे. पुढे तोच डबा उचलून देणे हे अकाली दान ठरते. तेव्हा साहाय्याचे रूप बदलावे. दाराच्या चौकटीवर कप्पी लावून देणे, व्यायामाच्या वेळी शेजारी बसून संख्या मोजणे, ताट थोडे उंच पाटावर ठेवणे, भात सांडला तर न बोलता पुसणे, आणि एका जेवणास अर्धा तास अधिक लागला तरी घड्याळाकडे न पाहणे, हे साहाय्य भरविण्याहून कठीण आहे. मुलाने म्हणावे : “अप्पा, सावकाश घ्या, आम्हाला घाई नाही.” एवढ्या एका वाक्यात पुष्कळ सेवा आहे.

येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. ज्याच्या घरी भात आहे त्याने फलाशा सोडण्याच्या गोष्टी कराव्यात; परंतु जिचे पोट रोजच्या मजुरीवर आहे त्या शेतमजूर बाईने सहा आठवडे हात झोळीत ठेवावा तरी कसा? आणि हात बरा होण्याची इच्छा तिने का करू नये? या आक्षेपास वरवरचे उत्तर देणे अधर्म होईल. तिने हात बरा होण्याची इच्छा अवश्य करावी. निष्काम कर्म म्हणजे हेतुशून्य कर्म नव्हे. बरे व्हावे हा संकल्प कर्मास दिशा देतो. आज किती बरे झाले या चिंतेने मात्र कर्म पोखरते. राहिला विश्रांतीचा प्रश्न. तो तिच्या एकटीच्या वैराग्याने सुटणारा नाही. तिला तो काळ मिळवून देणे हे घराचे, गावाचे आणि राज्याचे कर्तव्य आहे. तमिळनाडू शासनाने 2021 च्या ऑगस्टमध्ये ‘मक्कळैत् तेडि मरुत्तुवम्’, म्हणजे लोकांच्या शोधात येणारे वैद्यक, ही योजना सुरू केली. तिच्याद्वारे ज्या सेवा घरपोच देण्याचे योजिले त्यांत फिजिओथेरपीचाही समावेश आहे. परंतु दारी आलेला उपचारक हात हलवून दाखवील. ती सहा आठवडे कामावर आली नाही तरी तिची जागा राखणे हे शेताच्या मालकालाच करावे लागेल. लोकसंग्रह या शब्दाचा अर्थ भव्य कार्यांपुरता नाही. अशा एका जागेची राखण हाही लोकसंग्रहच होय.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. सर्व काही यथायोग्य केले, आणि तरीही हात पूर्ण वर गेला नाही तर? असे घडते. कोणाची कंडरा फार जीर्ण असते, कोणाचा मधुमेह आड येतो, कोणास शस्त्रक्रिया उशिरा लाभते. अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर, असे शांकरभाष्यात स्पष्ट केले आहे. पाचांपैकी कर्त्याचा प्रयत्न हे एक अंग. देहाची स्थिती व दैव ही अन्य अंगे. म्हणून ज्याचा हात पूर्ण वर गेला त्याने सारे श्रेय आपल्या निश्चयास देऊ नये, आणि ज्याचा गेला नाही त्यास कोणी ‘तू प्रयत्नात कमी पडलास’ असे म्हणू नये. हे वाक्य पुष्कळ घरांत सहज बोलले जाते, आणि ते शस्त्राहून खोल लागते. हात खांद्याच्या पातळीपर्यंतच जातो असे ठरले, तर फळी खाली आणावी. फळी खाली आणण्यात पराभव नाही. वर्षभर रोज केलेल्या अभ्यासाने जी स्थिरता अंगी बाणली ती तर कोठे गेली नाही. या मार्गात आरंभिलेले व्यर्थ जात नाही, हे दुसऱ्या अध्यायातील आश्वासन येथेही लागू पडते.

तंजावरच्याच इतिहासातून एक व्यावहारिक बोध घेता येतो. सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल 1798 ते 1832) यांनी धन्वंतरी महाल ही संस्था चालविली. तेथे देशी आणि पाश्चात्त्य दोन्ही वैद्यकांना स्थान होते. तेथील नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात राहिल्या आहेत. उपचारापूर्वी स्थिती काय होती आणि उपचारानंतर काय झाली, हे लिहून ठेवण्याची ती दृष्टी आहे. खांद्याच्या रुग्णानेही अशी नोंद ठेवावी. मात्र ती रोज पाहू नये. पंधरा दिवसांनी एकदा, भिंतीवर बोटे जेथपर्यंत पोहोचली तेथे पेन्सिलीची खूण करावी व दिनांक लिहावा. दररोज मोजणाऱ्यास निराशा येते, कधीच न मोजणाऱ्यास भ्रम होतो. खूण न सरकल्यास, वेदना वाढल्यास किंवा जखमेच्या जागी लाली व ताप दिसल्यास शल्यवैद्याकडे जावे. देवावर किंवा तेलावर भार टाकून बसू नये. व्यायामाचा क्रम ठरविणे त्याचेच काम आहे.

सात्त्विक सुखाचे वर्णन करताना गीतेने म्हटले आहे की ते आरंभी विषासारखे व परिणामी अमृतासारखे असते. ज्याने एक वर्ष दुखऱ्या हाताने भिंत चढली त्यास या वचनाचा अर्थ टीकेवाचून कळतो. हात वर गेला हे अमृत आहेच. त्याहून मोठे अमृत हे की, फळाकडे न पाहता नेमलेले करीत राहणे आपणास शक्य आहे, हे त्याने स्वतःच्या देहात अनुभविले. पुढे संसारात कोणतेही मंद गतीचे कार्य वाट्यास आले, मुलाचे शिक्षण असो, कर्जाची फेड असो वा तुटलेले नाते पुन्हा जुळविणे असो, तेव्हा ही शिकवण त्याच्यापाशी असेल. आणि घरात जो कोणी आज झोळीत हात घालून बसला असेल त्याच्यासाठी आज संध्याकाळी एवढे करावे : दाराला कप्पी लावावी, त्याच्या शेजारी पाट मांडून बसावे, आणि मोजण्यास आरंभ करावा.